मीटर 12 व्होल्ट दाखवतंय, पण पंप चालेना

"बिघाड शोधायचे 160 डॉलर. दुरुस्तीचे वेगळे." इथे अमेरिकेतल्या एका गॅरेजात हे ऐकलं आणि डोकंच सणकलं. साडेतेरा हजार रुपये, तेही नुसतं बघायचे! गाडीतलं सिगारेट लायटरचं सॉकेट बंद पडलेलं, बाकी गाडी ठणठणीत. ओहायोच्या थंडीत ते सॉकेट लागतंच. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की टायरमधला हवेचा दाब साधारण 1 पीएसआयने (दाब मोजायचं एकक) कमी होतो, आणि माझा हवेचा पंप त्याच सॉकेटवर चालतो.

माझ्या मामाचं बीडला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. नुसतं बघायचे पैसे त्याने कधी कुणाकडून घेतले नाहीत. गाडी आली की आधी बॉनेट उघडायचं, पैशाचं मग बघू. तरी इथल्या मजुरीला मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या हातात कसब आहे त्याला इथे तासाचा दाम मिळतो, आणि मामाला तो जन्मभर मिळाला नाही. पण म्हणून मी 160 डॉलर द्यावेत, असंही नाही.

आधी फ्यूज पाहिला. गाडीच्या पुस्तकात फ्यूजचा नकाशा असतो. माझ्या गाडीत सॉकेटला 20 अँपिअरचा, म्हणजे पिवळा फ्यूज आहे आणि तो शाबूत होता. (जळालेल्या फ्यूजच्या जागी हिरवा 30 चा ठोकून देणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. मग फ्यूजआधी वायर जळते.) मग व्होल्ट मोजायचं मीटर लावलं. मधल्या पिनेवर पॉझिटिव्ह, बाजूच्या पत्र्यावर निगेटिव्ह: 12.5 व्होल्ट. म्हणजे सॉकेट चांगलं, पंप खराब? पण तोच पंप शेजाऱ्याच्या गाडीत मजेत चालला.

मामाला व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, व्होल्ट तर बरोबर दाखवायलंय."

"मीटरचं नको सांगू मला. लोड टाकलास का? हेडलाइटचा जुना बल्ब बघ, दोन वायरी जोड अन् लाव."

55 वॅटचा बल्ब लावला तर तो पिवळट, मलूल पेटला, आणि मीटर 12.5 वरून थेट 7 वर आलं. याचं कारण सांगतोच, कारण बरेच जण इथेच फसतात. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे जोड गंजलेला असो की ढिला, त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. करंट वाहू लागला की खरं काय ते कळतं. जोडात अर्धा ओहम अडथळा असेल आणि पंपाने 8 अँपिअर ओढले, तर 4 व्होल्ट तिथेच खर्च होतात. शिवाय त्या एवढ्याशा जागी 32 वॅट उष्णता तयार होते. प्लॅस्टिक वितळतं ते त्यामुळेच.

"आता बल्ब चालू ठेव. मीटरची एक काडी सॉकेटच्या पत्र्याला, दुसरी बॉडीला लाव," मामा म्हणाला. 5 व्होल्ट! तिथे जेमतेम शून्य यायला हवं. म्हणजे व्होल्ट अर्थिंगच्या बाजूला खर्च होतायत. मागच्या कनेक्टरची काळी, म्हणजे अर्थिंगची वायर तपासली तर तिथे मात्र शून्य. वायरिंग चांगलं, सॉकेटच गेलेलं. पुढे बाहेर काढल्यावर मागचा रिबीट हलताना दिसला, भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं. बीडमध्ये बसून मामाने ओहायोतल्या गाडीचा रोग ओळखला. याचा मला किती अभिमान वाटतो, ते लिहून सांगता येणार नाही.

बदलायचं काम छोटं. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली आणि थोडा वेळ थांबलो, कारण आसपास एअरबॅगच्या वायरी असतात. त्यांच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने कन्सोलचं कव्हर सोडवलं, आतल्या दोन खाचा दाबून सॉकेट पुढे ओढलं, नवं खाच जुळवून बसवलं. सॉकेट 15 डॉलरचं.

मला मनापासून आवडलं ते वेगळंच. इथे बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती आणि वायरिंगच्या आकृत्या घरबसल्या फुकट बघता येतात. कोणती वायर कुठून कुठे जाते, रंगासकट. गाडीला स्वतः हात लावला एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, हे 1975 च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे. मॅसॅच्युसेट्सने तर 2012 मध्ये गाड्यांसाठी दुरुस्ती-हक्काचा कायदा केला.

आपल्याकडेही केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनंही आहेत. पण मामा आजही आकृतीशिवाय एकेक वायर हाताने शोधत जातो. छत्रपती संभाजीनगरजवळ आपल्या वाळूजला बजाजचा कारखाना 1985 ला आला, शेंद्र्याला स्कोडाचा आहे, गाड्या आपल्याच भागात बनतात. मग त्याच गाड्यांचं वायरिंग बीडच्या कारागिराला मराठीत का मिळू नये? तुमच्यापैकी कुणी नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये जाणार असेल, तर मायलेजच्या आधी हे विचारा: वायरिंगची आकृती बाहेरच्या मेकॅनिकला मिळेल का? काय उत्तर मिळतं ते मला नक्की कळवा.