आईच्या गाठीचं माप आणि तीन हेलपाटे

एमआरआय झाला की नुसती फिल्म घेऊन घरी येऊ नका. डायकॉम फाइल्स, म्हणजे मापांच्या नोंदीसकट स्कॅनची मूळ चित्रं मागा, त्याही पातळ कापांच्या (काप म्हणजे स्कॅनमधला एकेक थर).

आईला मेनिन्जिओमा आहे, म्हणजे मेंदूच्या आवरणावरची गाठ. ऑपरेशन न करता दर वर्षी स्कॅन काढून लक्ष ठेवायचं ठरलंय. गेल्या वर्षीच्या रिपोर्टात माप होतं 21×18×17 मिमी, यंदा 23×19×18. तिन्हींचा गुणाकार करून निम्मा केला की घनफळाचा अंदाज येतो. 3.2 घन सेंमीचे 3.9 झाले होते, आणि रिपोर्टात मात्र 'विशेष बदल नाही'. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यात स्वतःच मोजायचं ठरवलं. सेंटरची सीडी उघडली तर आत नुसत्या जेपीजी! त्यात एक पिक्सेल किती मिलिमीटरचा याची नोंदच नव्हती, मग मोजणार काय? काउंटरवर गेलो. "सीडी दिलीय ना तुम्हाला?" दुसऱ्या खेपेला आईच्या सहीचा अर्ज आणि आधारकार्ड दिलं. या वेळी डायकॉम मिळाली, पण 5 मिमीच्या कापांची. दोन सेंटिमीटरची गाठ चार-पाच कापांतच संपते. कडेचा एक काप धरला की सोडला, एवढ्यावर उत्तर बदलतं. फार संताप आला. कॉन्ट्रास्टची, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून देतात त्या औषधाची, सुई टोचून घेऊन त्या यंत्रात निपचित पडून राहिली ती माझी आई, आणि तिच्याच डोक्याची पूर्ण चित्रं मिळवायला विनवण्या करायच्या? तिसऱ्या खेपेला आतून टेक्निशियन आले. "कॉन्ट्रास्टनंतरची थ्रीडी सिरीज हवीय का, 1 मिमीची?" दहा मिनिटांत दोन्ही वर्षांची पेनड्राइव्हवर दिली. हे शब्द कागदावर लिहूनच न्या.

मोजणं एका संध्याकाळी झालं. थ्रेशोल्ड लावला, म्हणजे ठरावीक उजळपणाच्या वरचं सगळं रंगवायला सांगितलं, की गाठीबरोबर शेजारची शीरही रंगते, ती खोडायची. गाठीला लागून आवरणावर दिसणारी पांढरी शेपटी मापात धरायची की नाही हे आधी ठरवा आणि दोन्ही स्कॅनना तोच नियम लावा. माझं उत्तर आलं 3.1 आणि 3.2. दुसऱ्या दिवशी तोच स्कॅन पुन्हा मोजला, तर माझ्या हातूनच 0.1 चा फरक पडला. म्हणजे गाठ आहे तेवढीच होती. मी टेबलावर डोकं टेकून रडलो.

तरीही आकडे न्यूरोसर्जनना दाखवलेच. हे सॉफ्टवेअर संशोधनासाठी आहे, उपचार त्यावरून ठरवायचे नसतात. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टातलं हाताने घेतलेलं माप एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच.

आणि हो, पेनड्राइव्ह कोरा न्या. भरलेला असला तर त्यांच्या कॉम्प्युटरला लावू देत नाहीत.