स्टिक्स नदीतली नाव

मी पुण्यातल्या एका छापखान्यात प्री-प्रेस म्हणजे छपाईपूर्व तयारीच्या विभागात चित्रांच्या रंगदुरुस्तीचे काम करते. पाश्चात्त्य चित्रकलेवरच्या एका मराठी पुस्तकासाठी फ्लेमिश चित्रकार योआकिम पाटिनीरचे ‘स्टिक्स नदी ओलांडणारा कॅरन’ हे चित्र माझ्याकडे आले, तो दिवस मला विसरता येत नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले हे लाकडी फळीवरचे तैलचित्र सुमारे १५२० ते १५२४ या काळातले असून ते जेमतेम ६४ सेंटिमीटर उंच आणि १०३ सेंटिमीटर रुंद आहे. मधोमध रुंद निळी-हिरवी नदी, डावीकडे देवदूतांचा स्वर्ग, उजवीकडे सर्बेरस हा कुत्रा ज्याचे दार राखतो तो नरक, आणि पात्रात मृतात्म्याला घेऊन निघालेला नावाडी कॅरन. ग्रीक पुराणातली नदी आणि ख्रिस्ती स्वर्ग-नरक एकाच फळीवर इतक्या सहजपणे नांदतात, याचे मला आजही नवल वाटते.

प्रकाशकांची सूचना होती की उजवी बाजू फार काळी येते, ती उजळावी. त्यासाठी मी तो भाग पडद्यावर मोठा केला आणि हात थांबला. धिप्पाड कॅरनपुढे बोटभरही न वाटणारा तो उघडा आत्मा उजवीकडे पाहत होता. डाव्या तीरावरून देवदूत त्याला वाट दाखवतो आहे, पण तिकडची वाट खडकाळ आणि अवघड. उजव्या काठावर मात्र हिरवी झाडी आहे आणि पाणी संथ आहे. नरकाचे दार आणि त्यामागचा जाळ झाडीआड आहे. नावेतून जे दिसत नाही, ते चित्रकाराने फक्त आपल्याला दाखवले आहे. काळोख उजळला असता, तर झाडी आणि जाळ एकाच पातळीवर आले असते आणि त्या आत्म्याची फसगत कागदावरून पुसली गेली असती.

प्रूफ पाहायला आलेले आमचे ज्येष्ठ मशीनमन काका म्हणाले, “ताई, ही तर आपली वैतरणीच.” साम्य खरेच आहे, पण गरुडपुराणातली वैतरणी तरून जायला जिवंतपणी केलेले गोदान कामी येते, म्हणजे हिशेब अलीकडच्या तीरावरच झालेला असतो. पाटिनीरच्या नावेत बसलेल्याला अजून निवडायचे आहे, आणि ते त्याने नेमके चुकीच्या बाजूला तोंड करून करावे, हे मला कोणत्याही यातनाचित्रापेक्षा अधिक हलवून गेले.

मी प्रकाशकांना फोन करून हे सारे सांगितले. त्यांनी प्रूफ पुन्हा मागवून पाहिले आणि सूचना मागे घेतली. काळ्याला हात न लावता नदीतला सायन, म्हणजे छपाईतला निळसर रंग, तेवढा किंचित सावरून मी प्लेट काढायला दिली.