मुंबईची भुतं: ताजपासून राजाबाईच्या मनोऱ्यापर्यंत

मंडळी, फोर्टातल्या भुतांच्या गोष्टी जमवण्याचं काम या खेपेला बरंच पुढे सरकलं. नव्या गोष्टी फारशा हाती लागल्या नाहीत, पण वहीत आधीच असलेल्या दोन गोष्टींची मुळं सापडली. मला खरी गोडी त्यातच आहे.

ताजची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. इंग्रज वास्तुविशारद विलायतेला गेला, परत येऊन पाहतो तर हॉटेल उलटं बांधलेलं, समुद्राकडे पाठ. त्याने जीव दिला आणि तो अजून जुन्या इमारतीत फिरतो. आता कागदावर काय आहे ते पाहा. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं व्हायच्या आधीच वैद्य वारले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्सनी ते तडीस नेलं. 1903 साली हॉटेल उघडलं तेव्हा मुख्य दार शहराच्या बाजूलाच होतं, कारण घोडागाड्या तिकडून यायच्या. उलटंबिलटं काही बांधलेलं नव्हतं. मला चीड येते ती एवढ्याचसाठी, की न घडलेल्या आत्महत्येतला साहेब सगळ्यांना माहीत आहे आणि वैद्यांचं नाव कुणी घेत नाही. वहीत या गोष्टीच्या डोक्यावर मी आता त्यांचं नाव घातलंय.

राजाबाई टॉवरचं मात्र निराळं आहे. तिथे गोष्टीच्या मुळाशी खरोखर मृत्यू आहे. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून 1878 साली पुरा झालेला हा मनोरा तेव्हा लोकांना वर चढून पाहता यायचा. एप्रिल 1891 मध्ये दोन पारशी तरुणी वरून पडून गेल्या. त्यातल्या एक बचूबाई, अर्देशीर गोदरेज यांच्या पत्नी. लग्नाला फार काळ झाला नव्हता. संशयितावर खुनाचा खटला चालला, तो निर्दोष सुटला. अर्देशीरनी पुन्हा लग्न केलं नाही. कुलुपांचा कारखाना त्यांनी काढला तो 1897 साली, म्हणजे या घटनेनंतर.

आज सांगतात ती गोष्ट अशी: तिन्हीसांजेला ओव्हल मैदानातून वर पाहिलं की सज्जाशी कुणीतरी उभं दिसतं. मी मैदानाच्या कडेला, विद्यापीठासमोर, उजेड जाईपर्यंत थांबून पाहिलं. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे दगडी पुतळे आहेत. दिवसा त्यांची पागोटी, अंगरखे वेगळे ओळखू येतात. उजेड उतरला की फक्त काळी आकृती उरते, खांदे आणि डोकं एवढंच. ज्याला 1891 ची हकीकत कानावर आहे त्याला तिथे बाई दिसणार, यात मला काहीच नवल वाटत नाही.

भुयारांच्या गोष्टी मी बाजूला ठेवल्या आहेत, पण टाकून दिलेल्या नाहीत. मलबार हिलवर राजभवनाखाली भुयार आहे असं जुनीजाणती माणसं सांगायची. 2016 साली एक भिंत फोडली तेव्हा मागे ब्रिटिशकालीन बंकर निघाला, 13 खोल्यांचा! त्यामुळे सेंट जॉर्ज हॉस्पिटलकडून अपोलो बंदरापर्यंत भुयार जातं, ही वदंता अजून खोडलेली नाही.

पुढचं काम राजाबाईचंच. त्या काळी ‘जामे जमशेद’ हे पारशी समाजाचं गुजराती पत्र चालू होतं, त्याचे 1891 चे अंक मिळवून वाचायचेत. जुनं गुजराती सफाईने वाचणारं तुमच्यात कुणी असेल तर सोबत या. बचूबाईंबद्दल त्यांच्या आपल्या माणसांनी तेव्हा काय लिहिलं, हे पाहिल्याशिवाय मी ते पान पुरं करणार नाही.