कानाचं मशीन एवढं महाग का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. साताऱ्यात माझं कानांच्या तपासणीचं छोटं क्लिनिक आहे, आणि हा प्रश्न तिथे रोजचाच. विचारतो तो बहुधा मुलगा. वडील खुर्चीत बसलेले असतात, कानामागे ट्रायलचं मशीन असतं, आणि मुलगा दरपत्रक वाचून म्हणतो, "मॅडम, पंधरा हजारांत मोबाईल येतो, कॅमेऱ्यासकट. हे तर शेंगदाण्याएवढं आहे!"

त्याचं काही चुकत नाही. चांगलं डिजिटल मशीन एका कानासाठी १५-२० हजारांपासून सुरू होतं आणि वरच्या टोकाला जोडी काही लाखांपर्यंत जाते. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, म्हणजे सरकारवर ढकलून मोकळं व्हायचीही सोय नाही.

आत काय असतं? दोन माइक, एक चिप, एक रिसीव्हर म्हणजे इवलासा स्पीकर, आणि सेल. सोन्याची तार वगैरे काही नाही. पण मोबाईलशी तुलना एका बाबतीत लंगडी पडते. जगात वर्षाला शंभर कोटींहून जास्त स्मार्टफोन विकले जातात. कानाची मशीन विकली जातात दोन कोटींच्या आसपास. चिप नव्याने बनवायचा खर्च मात्र दोन्हीकडे करावाच लागतो. तो दोन कोटींत वाटला, की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतो.

शिवाय बनवणारे मोजकेच. जगातला बहुतेक बाजार पाच कंपन्यांच्या हातात आहे: स्वित्झर्लंडची सोनोव्हा, अमेरिकेची स्टार्की, आणि डिमांट, जीएन, डब्ल्यूएस ऑडिओलॉजी या तिन्ही एकट्या डेन्मार्कच्या. लोकसंख्येने आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान असलेला हा देश. हान्स डिमांट नावाच्या गृहस्थांच्या बायकोला कमी ऐकू यायचं, तिच्यासाठी त्यांनी परदेशातून यंत्र मागवलं आणि १९०४ मध्ये त्याचाच व्यवसाय सुरू केला. तीच आजची ओटिकॉन, म्हणजे डिमांटचीच कंपनी. पुढे या कंपन्यांनी दुकानांच्या साखळ्याही विकत घ्यायला सुरुवात केली. सोनोव्हाने २०१६ मध्ये युरोपातली ऑडिओनोव्हा घेतली. बनवणारा तोच आणि विकणाराही तोच झाला, की भाव खाली यायची घाई कुणाला असणार?

नवं तंत्रज्ञान आलं की भाव पडतात, असं आपण धरून चालतो. ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्या वडीलधाऱ्यांना रेडिओ आठवतो, पण ट्रान्झिस्टर दुकानात आला तो कानाच्या मशीनमधून. १९५२ च्या डिसेंबरात सोनोटोन कंपनीचं मशीन निघालं, एक ट्रान्झिस्टर आणि दोन व्हॅक्यूम ट्यूब असलेलं. ट्रान्झिस्टरचा रेडिओ त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी आला. पेटंटवाल्यांनी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या स्मरणार्थ कानाच्या मशीनसाठी रॉयल्टीही माफ केली होती. तरी किंमत २२९ डॉलर ५० सेंट, त्या काळात! लोकांनी ते घेतलं, कारण ट्यूबवाल्या मशीनला जड बॅटऱ्या लागत आणि त्या सारख्या बदलाव्या लागत. तो खर्च कमी झाला. म्हणजे फायदा झाला तो वापरण्यात, विकत घेण्यात नाही. माझ्या मते या धंद्याचा तोच शिरस्ता आजवर चालत आलाय. मशीन दर दोन-तीन वर्षांनी जास्त हुशार होतं आणि किंमत आहे तिथेच राहते.

आता एक गोष्ट सांगते, जी विक्रेते फारशी सांगत नाहीत. एकाच मॉडेलच्या तीन-चार पायऱ्या असतात: बेसिक, स्टँडर्ड, ॲडव्हान्स्ड, प्रीमियम. बऱ्याचदा या सगळ्यांच्या आतलं हार्डवेअर एकच असतं. वरच्या पायरीत सॉफ्टवेअरमधली जास्त कुलपं उघडलेली असतात. मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसिक आणि प्रीमियम मशीन त्याच माणसांना रोजच्या आयुष्यात वापरायला देऊन पाहिली. फायद्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे गेल्या दशकातलं काम आहे, आणि आता एआयची चिप असलेली मशीन आली आहेत. सोनोव्हाच्याच फोनाक या ब्रँडचं २०२४ मधलं स्फिअर गोंगाटातून बोलणं वेगळं काढतं, आणि ते खरोखर चांगलं काढतं. सभा, लग्नं, हॉटेलं यांत वावरणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा. पण कोरेगावच्या घरात दोघंच राहणाऱ्या आजोबांना दिवसभरात गोंगाट तो किती? टीव्ही आणि आजी. त्यांना प्रीमियम गळ्यात मारणं मला पटत नाही.

मग पैसे जातात कुठे? एका फिटिंगची, मशीन कानाला जुळवून देण्याच्या कामाची, गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

आमच्या जिल्ह्यात माजी सैनिक भरपूर, त्यामुळे तोफखान्यातून निवृत्त झालेले कान माझ्याकडे नेहमी येतात. असेच एक सुभेदार. दुसरीकडून घेतलेलं, चांगल्यापैकी महाग मशीन त्यांनी रुमालात गुंडाळून आणलं होतं. म्हणाले, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." निम्मे पेशंट हे वाक्य जसंच्या तसं म्हणतात. त्यांच्या मागे उभी राहून मी शब्द म्हटले. सात, हात, आत: तिन्ही त्यांना एकच. स्वर जाडे आणि ठसठशीत असतात, ते पोचतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं बारीक, उंच पट्टीतली, आणि तोफेने नेमकी तीच पट्टी खाल्लेली.

त्यांच्या कानात केसासारखी पातळ सिलिकॉनची नळी सरकवली, पडद्यापासून जरा अलीकडे थांबवली आणि तिच्यावरून मशीन बसवलं. समोरच्या स्पीकरवरून बोलणं लावलं. पडद्याजवळ नक्की किती आवाज पोचतो हे नळी मोजते, आणि स्क्रीनवर त्याची रेघ येते. दुसरी रेघ असते ती त्यांच्या ऐकण्याच्या आलेखावरून काढलेल्या लक्ष्याची. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं सूत्र त्यासाठी जगभर वापरतात. दोन हजार हर्ट्झच्या पट्टीपर्यंत दोन्ही रेघा जोडीने चालल्या होत्या. तिथून पुढे मशीनची रेघ जी खाली गेली ती गेलीच. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फर्स्ट फिट' नावाचं बटण असतं. ते दाबलं आणि पेशंटला घरी पाठवलं, की बहुतेक वेळा असंच होतं. बारीक आवाज कमीच ठेवलेले असतात, कारण पहिल्या दिवशी ते कानाला टोचतात आणि गिऱ्हाईक मशीन परत आणतं.

मी रेघ वर नेली. सुभेदारांनी लगेच तोंड वाकडं केलं: वर्तमानपत्र खडखडतं, चमचा वाजतो, स्वतःचं पाऊल वाजतं. मग थोडी खाली घेतली. पंधरा दिवसांनी बोलावून परत थोडी वर. त्यानंतर पुन्हा एकदा. वर्षानुवर्षं न ऐकलेल्या आवाजांची सवय मेंदूला हळूहळूच होते. मधल्या काळात त्यांच्या बायकोलाही शिकवलं: स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही, समोर येऊन बोलायचं. मशीन तेच राहिलं, एक रुपयाचा सुटा भागही बदलला नाही.

त्या महाग मशीनच्या किमतीत हे सगळं आधीच धरलेलं होतं. ते त्यांना मिळालं नाही, एवढंच. मशीनची घाऊक किंमत आणि तुम्ही मोजता ती रक्कम यांच्यात बरंच अंतर असतं. त्यातून जागेचं भाडं, आवाजबंद खोली, ऑडिओमीटरचं, म्हणजे तपासणीच्या यंत्राचं, दरवर्षीचं कॅलिब्रेशन, आणि मुख्य म्हणजे पुढची चार-पाच वर्षं तुमचं येणं-जाणं भागवायचं असतं. बिलावर मात्र एकच ओळ: मशीन, इतके रुपये. त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं, सगळे पैसे त्या शेंगदाण्याचे. आणि विकणाऱ्यालाही मोह होतो, कारण पैसे तर पहिल्याच दिवशी आलेत. तुम्ही परत आलात काय आणि न आलात काय!

वर्तमानपत्रात 'मोफत तपासणी, ५० टक्के सूट' असं वाचता ना? छापील किंमत आधी फुगवली, की सूट कितीही देता येते. आणि जी तपासणी मोफत असते, तिच्या शेवटी काहीतरी विकावंच लागतं. कानात नुसता मळ असेल, तर मळ काढायला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवण्यात त्या दुकानाचा फायदा काय?

मी बिल फोडते. मशीन वेगळं, तपासणी वेगळी, फिटिंग आणि पुढच्या भेटी वेगळ्या. मशीनचा आकडा त्यामुळे चांगलाच खाली येतो. पण लोकांना ते आवडतं असं समजू नका. "तपासणीचे पैसे? पलीकडे फुकट करतात की!" असं म्हणून उठून जाणारे आहेत. हातात धरता येते त्या वस्तूला लाखभर रुपये द्यायला तयार असलेला माणूस तासभराच्या कामाचे पाचशे देताना कां-कू करतो. मला त्यांचा राग येत नाही. सवय धंद्यानेच लावली आहे. पण भाव का उतरत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

फोडून किंवा घाऊक घेतलं तर काय होतं, याची उदाहरणं बाहेर आहेत. अमेरिकेतल्या कॉस्टको या मोठ्या दुकानांत २०२१ मध्ये सोनोव्हाने बनवलेली जोडी दुकानाच्या नावाखाली सुमारे १,४०० डॉलरला मिळत होती, तीही फिटिंगसकट. त्याच देशात २०१५ च्या सुमारास एका कानाच्या मशीनची सरासरी किंमत २,३०० डॉलरच्या वर होती. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर मशीन घाऊक खरेदी करून लोकांना फुकट देते. तरी तिथेही कित्येक मशीन कपाटात पडून राहतात. आपल्याकडे शिबिरात वाटलेल्यांची गतही तीच. वाटप झालं, फोटो निघाला, पुढे फिटिंगला कुणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ज्यांना मशीनची गरज आहे त्यांच्यापैकी फक्त १७ टक्के लोक ते वापरतात. पैसा हे एक कारण, पण एकमेव नाही.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: "मग ते ॲपलचं इअरबड चालेल का?" अमेरिकेत १७ ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणा जाणवणाऱ्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय, थेट दुकानातून मशीन घेता येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्राच्या सुविधेलाही परवानगी दिली. माझ्या काही व्यवसायबंधूंनी यावर बरीच बोटं मोडली. मला हे चांगलंच वाटतं. इंडियाना विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात एकच मशीन काहींना ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, बसवून दिलं, काहींनी आपलं आपण निवडलं. मोजता येणारा फायदा दोघांचा बराचसा सारखा निघाला. समाधान मात्र स्वतः निवडणाऱ्यांचं कमी, आणि नंतर ऑडिओलॉजिस्टची मदत मिळाल्यावर ते वाढलं. आमच्या धंद्याबद्दल याहून प्रामाणिक प्रशस्तिपत्र मी तरी पाहिलेलं नाही. सुभेदारांच्या कानाला एअरपॉड पुरणार नाहीत, पण पन्नाशीतल्या ज्या बाईंना फक्त मीटिंगमध्ये चाचपडायला होतं, त्यांनी लाखभर रुपये घालायच्या आधी ते वापरून पाहावेत. ऑनलाइन दोन हजारांत मिळणारे 'साउंड ॲम्प्लिफायर' मात्र नकोत. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतात, म्हणजे आधीच मोठं ऐकू येणारं आणखी मोठं.

आणि तुमचा मुलगा अमेरिकेत असेल, तर तो म्हणेलच, "बाबा, इकडे निम्म्यात मिळतं, येताना घेऊन येतो." आणू द्या. अशी मशीन मी आनंदाने फिट करते, फिटिंगचे पैसे घेऊन. फक्त घेण्याआधी दुकानात एक चौकशी करायला सांगा. काही साखळ्यांची मशीन कुलूपबंद असतात. त्यांच्याच दुकानातल्या सॉफ्टवेअरला ती दाद देतात, इथे कुणालाच उघडत नाहीत. वडिलांचा ताजा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, आधी मुलाला पाठवा, सेलचं की चार्जिंगचं ते ठरवा, आणि मॉडेलचं नाव मला व्हॉट्सॲपवर कळवा. इथे उघडेल की नाही, ते मी विकत घ्यायच्या आधीच सांगेन. त्याचे पैसे घेत नाही.