‘सोय आहे’ म्हणजे नेमके काय : व्हीलचेअरवरून वेरूळ-अजिंठा

सहा वर्षांपूर्वी गच्चीच्या जिन्यावरून पडल्यामुळे माझ्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि तेव्हापासून मी व्हीलचेअर वापरते. मी मुंबईच्या उपनगरातल्या एका शाळेत इतिहास शिकवते. अपघातापूर्वी शाळेच्या सहलींबरोबर वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही ठिकाणे मी दोनदा पायी पाहिली होती. गेल्या जानेवारीत धाकट्या बहिणीला सोबत घेऊन मी तिसऱ्यांदा तिथे गेले. प्रवास चार दिवसांचा होता आणि त्याची तयारी पाच महिने चालली होती. ज्यांना असा प्रवास करायचा आहे, त्यांना त्या पाच महिन्यांचाच जास्त उपयोग होईल असे वाटल्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) यांसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो, त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि अपंगत्वाची टक्केवारी ठरते. 40 टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरे, 40 किंवा अधिक पण 80 टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पिवळे आणि 80 टक्के किंवा अधिक असल्यास निळे कार्ड मिळते. माझे कार्ड निळे आहे. हे कार्ड हाती आल्यावर रेल्वेचेही काम झाले, असे मी धरून चालले होते. ती चूक होती. मी अर्ज केला तेव्हा रेल्वेच्या ओळखपत्रासाठी रेल्वेने ठरवून दिलेल्या नमुन्यातच सरकारी डॉक्टरांचे सवलत प्रमाणपत्र मागितले गेले, आणि पहिला अर्ज डॉक्टरांच्या शिक्क्यातला नोंदणी क्रमांक वाचता येत नाही म्हणून परत आला. त्या एका शिक्क्यासाठी मला रुग्णालयाच्या आणखी दोन फेऱ्या कराव्या लागल्या. शिक्का मारून घेतल्यावर तिथेच उभे राहून तो वाचून पाहा, असे बहिणीने माझ्या वहीत तेव्हा लिहून ठेवले आहे आणि ते मी इथे तसेच देते. मात्र एवढा खटाटोप करण्याजोगी ही सवलत निश्चित आहे. ज्या अस्थिव्यंग प्रवाशाला सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही, त्याला आणि त्याच्या एका सोबत्याला दुसऱ्या वर्गात, स्लीपरमध्ये आणि थर्ड एसीत भाड्यात 75 टक्के, तर सेकंड आणि फर्स्ट एसीत 50 टक्के सूट मिळते.

खरा वेळ गेला तो राहण्याची जागा शोधण्यात. मी छत्रपती संभाजीनगरमधल्या अकरा हॉटेलांना फोन केले. ‘मी व्हीलचेअर वापरते, तुमच्याकडे सोय आहे का?’ या प्रश्नाला अकरापैकी नऊ ठिकाणी ‘हो मॅडम, सगळी सोय आहे’ असे उत्तर मिळाले. ते लोक खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. सोय म्हणजे लिफ्ट, एवढेच बहुतेकांच्या मनात असते. त्या लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठी चार पायऱ्या आहेत, हे त्यांना दिसत नाही, कारण त्या पायऱ्या ते दिवसातून पन्नास वेळा न बघता चढतात. तिसऱ्या फोननंतर मी त्या प्रश्नावर थांबेनाशी झाले. ‘सोय आहे’ असे उत्तर मिळाले की मी लगेच आकडे मागू लागले. रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती आणि प्रत्येक पायरी किती इंच उंच? बाथरूमचे दार पूर्ण उघडल्यावर चौकटीच्या आतली मोकळी जागा किती इंच? उंबरठा आहे का आणि असल्यास किती उंच? पलंगाची उंची किती? कमोडच्या एका बाजूला माझी खुर्ची लावता येईल इतकी जागा आहे का? माझी खुर्ची चाकांसह 25 इंच रुंद आहे आणि आपल्याकडे बाथरूमची दारे बहुतेक दोन ते सव्वादोन फुटांची असतात, म्हणजे सगळा प्रश्न एक-दोन इंचांचा असतो. त्या एक-दोन इंचांवर मला अंघोळ करता येणार की नाही, हे ठरते.

आकडे मागितल्यावर बहुतेकांनी ‘बघून सांगतो’ म्हणून फोन ठेवला. दोघांनी खरोखर मोजले. त्यांपैकी एका व्यवस्थापकांनी दाराच्या चौकटीत टेप धरून काढलेले छायाचित्र पाठवले. त्यावर साडेसत्तावीस इंच स्पष्ट दिसत होते. मी तीच खोली घेतली. त्यांच्या दारात प्रत्येकी सहा इंचांच्या तीन पायऱ्या होत्या आणि ‘आम्ही रॅम्प लावू’ असे त्यांनी आपण होऊन सांगितले होते. सार्वजनिक इमारतींसाठीचा सर्वमान्य दंडक असा आहे की एक इंच चढासाठी बारा इंच लांबीचा उतार हवा. त्या हिशेबाने अठरा इंचांसाठी अठरा फूट लांबीचा रॅम्प लागला असता. प्रत्यक्षात लावलेली फळी सहा फुटांची होती. दोघांनी मागून धरून मला वर नेले आणि उतरताना मी पाठमोरी उतरले. तरीही त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे, कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी टेप हातात घेऊन दिले होते. अठरा फुटांचा हिशेब मी त्यांना निघताना समजावून सांगितला आणि त्यांनी तो कागदावर लिहून घेतला.

रेल्वेच्या बाबतीत मला दोन पर्यायांतून निवड करायची होती. थर्ड एसीत दिव्यांगांच्या कोट्यातून खालचा बर्थ मिळू शकतो, पण डब्याच्या आतल्या बोळातून व्हीलचेअर जात नाही आणि शौचालयात तर ती शिरतच नाही. गाडीच्या टोकाला गार्डच्या डब्याला लागून असणाऱ्या दिव्यांग डब्यात आराम कमी असतो, परंतु दार रुंद असते आणि शौचालय मोठे असून त्यात आधाराचे दांडे बसवलेले असतात. माझ्यासारख्या माणसाला दर चार-पाच तासांनी नळी वापरून मूत्राशय रिकामे करावे लागते. ही गोष्ट संकोचाने कोणी लिहीत नाही, पण प्रवासाचे सगळे वेळापत्रक तिच्यावर अवलंबून असते. सात तासांच्या प्रवासात शौचालय वापरता येणार नसेल, तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडावे लागते आणि त्याची किंमत पुढे मूत्रमार्गाच्या संसर्गाने मोजावी लागते. म्हणून मी दिव्यांग डबा निवडला.

फलाट आणि डब्याची जमीन यांत फूट-दीड फुटाचा फरक असतो. हलवता येणारा रॅम्प मिळावा म्हणून आम्ही आदल्या दिवशी स्थानकावर सांगून ठेवले होते. सकाळी तो कुलूपबंद खोलीत होता आणि किल्ली असलेले गृहस्थ दुसऱ्या पाळीचे होते. शेवटी दोन हमालांनी खुर्चीसकट मला उचलून आत ठेवले. उचलण्यापूर्वी खुर्चीचा कोणता भाग धरायचा हे सांगणे फार महत्त्वाचे असते, कारण हात ठेवण्याचे दांडे आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या निघून हातात येतात. मुख्य सांगाड्याला मी लाल चिकटपट्टी लावून ठेवली आहे आणि ‘फक्त लाल जागी धरा’ एवढेच सांगते. परतीच्या प्रवासात दिव्यांग डबा धडधाकट प्रवाशांनी भरलेला होता. रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर फोन केल्यानंतर पुढच्या मोठ्या स्थानकावर तो रिकामा करण्यात आला, पण तोपर्यंतचा दीड तास मी दारात वाऱ्यावर काढला.

वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, त्यामुळे बुधवारी वेरूळ, गुरुवारी पूर्ण विश्रांती आणि शुक्रवारी अजिंठा असा बेत होता. मधला विश्रांतीचा दिवस चैन म्हणून ठेवलेला नव्हता. कमरेखाली संवेदना नसल्यामुळे दिवसभर बसून त्वचेवर आलेला दाब मला कळत नाही. एकदा जखम झाली तर ती भरायला महिने लागतात.

वेरूळच्या 34 लेण्यांपैकी सोळावे, म्हणजे कैलास, प्रवेशद्वारापासून सर्वांत जवळ आहे, आणि ते वरून खाली कोरत आणले असल्यामुळे त्याचे अंगण जमिनीच्या पातळीवर आहे. आमच्यासारख्यांसाठी हे भाग्यच. गोपुरातल्या उंबरठ्यांवर बहिणीने खुर्ची मागच्या चाकांवर कलती करून मला आत घेतले. समोर गजलक्ष्मी, आणि तिला वळसा घातला की मोकळे अंगण लागते. खडकाची जमीन खडबडीत आहे, पुढची लहान चाके अडकतात, तरी हातांत जोर असेल तर खुर्ची चालते. वरच्या मंडपाकडे आणि गाभाऱ्याकडे जाणारे जिने माझ्यासाठी नव्हते. मी बहिणीला म्हटले, ‘तू वर जाऊन ये. घाई करू नकोस.’ ती म्हणाली, ‘ताई, तू एकटी?’ मी होय म्हटले.

ती पाऊण तासाने परत आली. तो पाऊण तास मी नीट सांगू इच्छिते. अपघातानंतर घर आणि शाळा सोडून कोणत्याही सार्वजनिक जागी मी एकटी राहिलेली नव्हते. कोणीतरी सतत खुर्चीच्या मागे असते, आणि ते माणूस थांबले की मी थांबते, ते निघाले की मी निघते. कैलासाच्या अंगणात मी माझ्या चाकांवर, मला हव्या त्या गतीने फिरले. दक्षिण बाजूला कैलास हलवणाऱ्या रावणाचे शिल्प आहे. त्याच्यासमोर मी वीस मिनिटे थांबले, कंटाळा आला म्हणून पुढे गेले आणि वाटले म्हणून परत आले. मंदिर पाठीवर तोलून धरणाऱ्या हत्तींची रांग यापूर्वी दोन्ही वेळा मी मुलांना मोजायला लावून पुढे निघून गेले होते. या वेळी मी एकेक हत्ती पाहिला; काहींच्या सोंडा तुटल्या आहेत, काही एकमेकांशी झुंजत आहेत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी जोडले जाणारे हे काम मी वीस वर्षे वर्गात शिकवत आले होते.

अजिंठ्याचा प्रश्न वेगळा होता. फर्दापूर फाट्यावर खासगी वाहने थांबतात, पुढचे चार किलोमीटर एस.टी.च्या बसने जावे लागते आणि बसमधून उतरल्यावर लेण्यांपर्यंत चढ व पायऱ्या आहेत. तिथे डोली मिळते : दोन लांब दांड्यांना बांधलेली खुर्ची, आणि ती खांद्यावर वाहणारी चार माणसे. जायचे की नाही, याचा निर्णय मी आदल्या रात्रीपर्यंत केला नव्हता. दुसऱ्यांनी आपल्याला उचलणे मला मनापासून आवडत नाही. उचलल्या जाणाऱ्या माणसाशी सहसा कोणी बोलत नाही. ‘यांना पाणी हवंय का?’ असे माझ्यासमोर बहिणीला विचारले जाते. आणि चार माणसांच्या खांद्यावर आपला भार टाकून चित्रे पाहायला जाणे योग्य आहे का, हेही मनात होतेच. शेवटी मी दर आधी ठरवून, माझी घडीची खुर्ची वर आणण्यासाठी पाचव्या माणसाचे पैसे वेगळे मोजून जाण्याचे ठरवले.

कमरेत तोल नसल्यामुळे मी बसायची गादी डोलीत घालून घेतली आणि ओढणीने छातीपाशी स्वतःला खुर्चीच्या पाठीशी बांधून घेतले. डोली उचलण्याआधी त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाने मला विचारले, ‘ताई, तोंड कुठं करून बसणार, दरीकडं का डोंगराकडं?’ त्याने हे बहिणीला विचारले नाही. त्या सबंध प्रवासात अशा बाबतीत मला थेट विचारला गेलेला तो पहिला प्रश्न होता. मी दरीकडे म्हटले. वाघोरा नदी जानेवारीत जवळजवळ कोरडी असते, पण दरीचा तो घोड्याच्या नालासारखा वळसा चालणाऱ्याला इतका सलग दिसत नाही, कारण त्याचे लक्ष पायऱ्यांवर असते.

पहिल्या लेण्यात चपला काढाव्या लागतात. मी चाके ओल्या फडक्याने पुसली, सुरक्षारक्षकाला दाखवली आणि आत जाऊ का असे विचारले; त्याने वाकून चाके पाहिली आणि होकार दिला. आतली जमीन सपाट आहे. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर गर्दी होती आणि उभ्या माणसांच्या पाठींमुळे मला तो अर्धाच दिसला. पुढच्या दोघा मुलांनी बाजूला सरकून जागा केली तेव्हा पूर्ण दिसला. त्यानंतर मधली लेणी सोडून मी थेट सव्विसाव्यात नेण्यास सांगितले, कारण शक्ती किती उरली आहे याचा हिशेब मला करावा लागतो. तिथल्या महापरिनिर्वाणाच्या, म्हणजे बुद्धांच्या अखेरच्या क्षणाच्या शिल्पात बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले आहेत आणि खाली शोक करणाऱ्या शिष्यांची रांग आहे. उभे राहून पाहिले तेव्हा नजर बुद्धांच्या चेहऱ्यावर गेली होती आणि मी मुलांना तोच दाखवला होता. या वेळी बसल्या उंचीवरून माझ्यासमोर ते शिष्य होते. एकाने हातावर डोके टेकवले आहे. त्यांच्याकडे पाहत मी बराच वेळ बसले. डोलीवाले ओसरीत थांबले होते, त्यांनी घाई केली नाही.

माझ्या वहीत आता हॉटेलच्या दाराची रुंदी, तिन्ही पायऱ्यांची उंची, बसच्या पहिल्या पायरीची उंची आणि कैलासाच्या उंबरठ्यांची संख्या लिहिलेली आहे. जे विचारतात त्यांना मी त्या पानांची छायाचित्रे पाठवते. अजिंठ्याचे सतरावे लेणे राहिले आहे. त्याच्यापुढे फक्त ‘पायऱ्या मोजायच्या’ एवढेच लिहिले आहे. येत्या डिसेंबरसाठी आम्ही तीच खोली सांगून ठेवली आहे, आणि रॅम्पची फळी आता बारा फुटांची केल्याचे व्यवस्थापकांनी कळवले आहे.