गल्ल्यामागचा तो फोटो

माझ्या दुकानात गल्ल्यामागे दोन तसबिरी आहेत. एक गणपतीची. दुसरीत वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण, पण फ्रेम सागवानी. गिऱ्हाईक पैसे काढता काढता विचारतं, "हे वडील का तुमचे?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग चित्रकार?" तेही नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हे केकू गांधी. आमच्यातलेच, फ्रेमवाले! केंब्रिजला शिकत होते, घरी आले ते महायुद्धामुळे मुंबईतच अडकले आणि 1941 साली व्हॅन डॅम नावाच्या बेल्जियन गृहस्थाच्या नादाने पट्ट्यांच्या, म्हणजे फ्रेमच्या कडांच्या, धंद्यात शिरले. त्यांच्या धंद्याचं केमोल्ड हे नाव 'केमिकल मोल्डिंग'वरून आलंय, हे आमच्या लाइनीतल्याही पुष्कळांना ठाऊक नाही. आता रिकामी फ्रेम टांगून गिऱ्हाईक येत नाही, हे कुठलाही दुकानदार सांगेल. म्हणून आम्ही हिरोइनीचा फोटो नाहीतर स्वित्झर्लंड लावतो. त्यांनी प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानात हुसेन, आरा, हेब्बर या चित्रकारांची चित्रं लावली. तेव्हा ही नावं मोठी व्हायची होती.

1963 साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी आणि पत्नी खोरशेद यांनी गॅलरी केमोल्ड काढली. पोरवयात मी तिकडे, काळ्या घोड्याकडे माल पोचवायला जायचो, तेव्हा तो जिना चढायचो. तिकीट नाही, घामेजला शर्ट बघून कुणी हटकत नाही. चित्र कळलं नाही तर मी कोपरे बघायचो, 45 अंशाचा जोड कसा मिटलाय ते.

चित्रकार भूपेन खक्कर यांचं पहिलं एकल प्रदर्शन 1965 साली केमोल्डनेच भरवलं. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं सत्तरच्या दशकात याच गॅलरीत लागली. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात ती कला, शहराच्या भिंतीवर. पुढे 1992-93च्या दंगलीनंतर हाच माणूस सलोख्यासाठी मोहल्ल्यांमधून फिरला. मुंबईत आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय व्हावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ते 1996 साली उघडलं. 2009 साली पद्मश्री मिळाली, 2012च्या नोव्हेंबरात ते गेले. तेव्हाचंच हे कात्रण.

परवा एक मुलगी कागदावरचं वारली चित्र घेऊन आली, गोल तारपा नाच. तिने पसंत केलेल्या पट्टीत माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, अर्धा इंच आत येत होता आणि शेवटच्या नाचणाऱ्याचा पाय कापला जात होता. "जाऊ दे ना काका, कुणाला कळतंय?" म्हणाली.

पट्टी मोठी घेतली. वरचे ऐंशी रुपये मागितले नाहीत. तिने कात्रणाकडे बोट दाखवलं, "वडील का?"