पण ही माणसं खायची काय?

प्राचीन ग्रीकांवरचं माझं व्याख्यान संपतं, आभार मानून होतात, चहाचे कागदी कप फिरायला लागतात आणि मग तो प्रश्न येतो. गाव बदलतं, विचारणारा बदलतो, प्रश्न तोच. "सॉक्रेटिस, प्लेटो, सोफोक्लीस, सगळं ठीक आहे हो. पण ही माणसं पोटापाण्याला काय करायची?" एका आजोबांनी तर माझा हातच धरला. म्हणाले, "दिवसभर चौकात उभं राहून चर्चा करायची, मग घरची चूल पेटायची कशी?"

चहा संपेपर्यंत या प्रश्नाचं उत्तर संपत नाही, म्हणून आता लिहूनच टाकतो. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न मला मनापासून आवडतो. माझी सगळी नोकरी सहकारी बँकेत, तीही तपासणी विभागात गेली. ग्रीकांकडे वळलो निवृत्तीनंतर. पण सवय जात नाही. दुसरे लोक प्लेटो वाचताना सत्य आणि सौंदर्य शोधतात, मी आकडे शोधतो. आणि आकडे सापडतात!

आधी नाणी समजून घ्या. ६ ओबोलांचा १ द्राख्मा, १०० द्राख्म्यांची १ मिना, ६० मिनांचा १ टॅलेंट. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर एरेख्थिऑन नावाचं मंदिर आहे. त्याच्या बांधकामाचा हिशेब त्यांनी दगडावर कोरून ठेवला होता आणि त्याचे तुकडे आजही वाचता येतात. (आमच्या बँकेत तीन वर्षांपूर्वीचं व्हाउचर मिळवताना नाकी नऊ यायचे.) त्या हिशेबात कारागिराची मजुरी साधारण दिवसाला १ द्राख्मा पडलेली दिसते. नागरिक असो, परगावचा असो की गुलाम, दर एकच. हा १ द्राख्मा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच मोजायचंय.

पुस्तकं विकून त्या काळी कोणी जगत नव्हतं. लेखकाच्या हातातून गुंडाळी गेली की गेली. ज्याला हवी त्याने नक्कल उतरवून घ्यावी किंवा गुलामाकडून उतरवून घ्यावी. लेखकाचा त्यावर हक्क असतो ही कल्पनाच नव्हती. पुस्तकाच्या किमतीचा एक आकडा मात्र मिळतो, तोही खटल्यातून. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर आरोप होता की हा सूर्याला दगड म्हणतो. त्यावर तो म्हणतो, अहो, ते तत्त्वज्ञ अ‍ॅनॅक्सॅगोरसचं मत आहे, त्याची पुस्तकं ऑर्केस्ट्रा म्हणतात त्या मोकळ्या जागेत फार तर १ द्राख्मा देऊन कोणालाही मिळतात. म्हणजे एका दिवसाची मजुरी. आता त्याच एरेख्थिऑनच्या हिशेबात, ४०७-०६ सालचा, दुसरी नोंद आहे: हिशेबाची नक्कल उतरवण्यासाठी पपायरस, नग दोन, किंमत २ द्राख्मा ४ ओबोल. म्हणजे कोरा पपायरस १ द्राख्मा २ ओबोल आणि लिहिलेला १ द्राख्मा! तपासणी अधिकाऱ्याने इथे लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं असतं. पुस्तक छोटं असेल, जुनं असेल, किंवा सॉक्रेटिस कोर्टातही चेष्टा करत असेल. माझं मत शेवटच्या शक्यतेकडे झुकतं. काहीही असो, त्या द्राख्म्यातला एक ओबोलही अ‍ॅनॅक्सॅगोरसकडे जाण्याची सोय नव्हती. तो तोवर वारलाच होता म्हणा.

मग पैसा यायचा कुठून? जुन्या कवींचं सोपं होतं, श्रीमंतांकडून. शर्यत जिंकली की कवीला बोलवायचं, स्तुतिगीत लिहून घ्यायचं. सिमोनिडीसची गोष्ट अ‍ॅरिस्टॉटलने दिली आहे. खेचरांची शर्यत जिंकलेला एक जण त्याच्याकडे गेला आणि मोबदला तुटपुंजा देऊ लागला. सिमोनिडीस म्हणाला, छे, अर्धगाढवांवर मी कसली कविता लिहू! मग रक्कम वाढली. तेव्हा त्याने सुरुवात केली, "वादळपायी घोड्यांच्या कन्यांनो, तुम्हाला वंदन असो." खेचराची आई घोडीच असते, त्यामुळे खोटं काहीच नाही. असा हिशेबी कवी मला फार भावतो.

इतिहासकारांचं लवकर आटोपतो. थ्युसिडिडीस स्वतःच सांगतो की उत्तरेकडच्या थ्रेस प्रांतातल्या सोन्याच्या खाणी चालवण्याचा हक्क त्याच्याकडे होता. तिथलं अँफिपोलिस शहर अथेन्सच्या हातचं गेलं, सेनापती म्हणून त्याच्यावर ठपका आला आणि वीस वर्षं हद्दपारीत काढावी लागली. एवढी सवड आणि खाणीचं उत्पन्न, दोन्ही असल्यावर माणूस इतिहास लिहिणार नाही तर काय करणार?

नाटककारांची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण तिथे खरी उलाढाल होती.

अथेन्समध्ये नाटक म्हणजे देवाचा उत्सव. डायोनिससच्या मोठ्या उत्सवात शोकांतिका लिहिणारे तिघेच निवडले जायचे, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि वर एक सॅटिर नाटक, म्हणजे धांगडधिंग्याचं विनोदी नाटक. निवड करणारा अधिकारी आर्खोन. तो कवीला "कोरस", म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा ताफा, "देतो" असं म्हणायचे, आपण थिएटरची तारीख मिळाली म्हणतो तसं. कवीला शहराकडून मानधन असायचं. किती, ते कळत नाही, पण असायचं हे नक्की, कारण विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीसच्या 'बेडूक' नाटकात, इ.स.पू. ४०५ मध्ये, कोरस ज्यांना हाकलून लावतो त्या यादीत एक पुढारी आहे. त्याची विनोदी नाटकात टर उडवली, म्हणून तो कवींच्या मानधनाचे लचके तोडतो. पुढारी आणि अनुदान, असो. मला एकदा एका दिवाळी अंकाने मानधन म्हणून त्या अंकाचीच एक प्रत पाठवली होती, तेव्हा हा कोरस मी मोठ्याने म्हणून दाखवला होता. घरातच.

पण मोठा खर्च कवीचा नव्हे, कोरसचा. गाणाऱ्या-नाचणाऱ्या मंडळींची तालीम, त्यांचा पोशाख, त्यांचं खाणंपिणं. हा खर्च शहर करत नसे. तो एका श्रीमंत नागरिकावर टाकला जायचा. त्याला खोरेगोस म्हणत. आपल्याकडच्या जत्रेतला मानकरी डोळ्यांसमोर आणा. मान त्याचा, खर्चही त्याचाच, आणि नाही म्हणायची चोरी. ४११-१० सालच्या एका खोरेगोसने पुढे कोर्टात आपला खर्च वाचून दाखवला, त्यात शोकांतिकेचा कोरस ३० मिना. म्हणजे ३००० द्राख्मा. कारागिराची दहा वर्षांची कमाई समजा, आणि खेळ एका दिवसाचा.

इतका पैसा उधळणारे कोण? एक नाव घेतो, निकियास. अथेन्सचा सेनापती, देवभोळा, आणि त्याने उभा केलेला कोरस कधी हरला नाही अशी ख्याती. त्याचा पैसा लाव्रिऑनच्या चांदीच्या खाणींतला. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन सांगतो की निकियासचे १००० गुलाम होते. ते त्याने खाणीत भाड्याने दिले होते, माणशी रोज १ ओबोल, खर्च वजा जाता. मेलेल्याच्या जागी दुसरा आणून संख्या भरून काढायची जबाबदारी भाड्याने घेणाऱ्याची. दिवसाला १००० ओबोल, म्हणजे १६६ द्राख्मा ४ ओबोल. ३००० ला भागून पाहा. एका शोकांतिकेचा कोरस म्हणजे जमिनीखालच्या हजार माणसांचे अठरा दिवस.

हे भागाकार मी पहिल्यांदा केले तेव्हा वही मिटून ठेवली होती. नंतर लक्षात आलं की आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. चूल कशी पेटायची? दुसरं कोणी तरी पेटवायचं. ग्रीकांना फुरसत होती असं आपण म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या अंगावरून आली तेही म्हणायला हवं. व्याख्यानात मी हे सांगतो तेव्हा एक-दोन चेहरे उतरतात. त्यांना वाटतं मी सोफोक्लीससारख्या नाटककाराला कमी लेखतोय. तसं नाही. मी फक्त खर्चाची बाजू भरतोय.

आता तत्त्वज्ञ. इथे भानगड आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात काही फिरते शिक्षक अथेन्सला आले, सोफिस्ट. वक्तृत्व, युक्तिवाद, राज्यकारभार शिकवायचे आणि फी घ्यायचे. पॅरॉसच्या इव्हेनसची फी ५ मिना. प्रोटॅगोरसने चाळीस वर्षांत, प्लेटोतल्या सॉक्रेटिसच्या म्हणण्याप्रमाणे, शिल्पकार फिडियास आणि आणखी दहा शिल्पकार मिळून कमावतील त्याहून जास्त कमावलं. त्याची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला फी जास्त वाटली, तर त्याने देवळात जाऊन शपथेवर सांगावं की हे शिक्षण माझ्या मते इतक्याचं, आणि तेवढेच द्यावेत. आजच्या कुठल्या क्लासने ही योजना काढून दाखवावी!

उलट सॉक्रेटिस. फी घेत नसे. झेनोफोनने त्याच्या तोंडी घातलंय की बरं गिऱ्हाईक मिळालं तर घरासकट माझं सगळं किडूकमिडूक ५ मिनांना जाईल. म्हणजे इव्हेनसच्या एका विद्यार्थ्याची फी. दोषी ठरल्यावर, शिक्षा काय द्यावी हे तू सुचव म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, प्रितानिऑन या सरकारी इमारतीत मला फुकट जेवण द्या. ऑलिंपिकच्या विजेत्यांना मिळायचं तसं, शहराच्या खर्चाने. पोटापाण्याचा प्रश्न असा भर कोर्टात त्यानेच काढला आणि न्यायाधीश आणखी भडकले असणार. मग दंड म्हणून १ मिना देतो म्हणाला, आणि शेवटी ३० मिना. जामीन मित्रांचा, त्यात प्लेटोही होता.

प्लेटो जामीन राहू शकत होता, कारण तो मोठ्या घरचा होता. आणि ज्ञान विकणं हे हलकं काम, हे आपल्या डोक्यात मुख्यतः त्यानेच भरवलं. प्रोटॅगोरसच्या लिखाणातली जेमतेम काही वाक्यं उरली आहेत. प्लेटोचं सगळं उरलं. त्यामुळे पगारी मास्तरांबद्दलचं आपलं मत हे बिनपगारी जमीनदाराकडून आलेलं आहे. मी प्लेटोचा भक्त आहे, पण हा पुरावा एकतर्फी आहे एवढं मी नोंदवून ठेवतो.

एकतर्फी का म्हणतो? पायरियस बंदरातलं केफॅलसचं घर बघा. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये न्याय म्हणजे काय ही चर्चा याच घरात रंगते. केफॅलस सिसिलीतल्या सिराक्यूजहून येऊन राहिलेला परका. त्याच्या मुलांचा ढालींचा कारखाना होता. ४०४ मध्ये 'तीस जुलमी' म्हणून ओळखली जाणारी तीस जणांची टोळी अथेन्समध्ये सत्तेवर आली, त्यांना पैसा हवा होता, आणि परक्यांवर हात टाकणं सोपं. मुलगा पोलेमार्खस, तोच जो 'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिसला आग्रह करकरून थांबवून घेतो, त्याला विष पाजलं. त्याच्या बायकोच्या कानातली सोन्याची कर्णफुलं ओरबाडून काढली. धाकटा लिसियास मेगाराला पळाला. काय लुटलं त्याची यादी त्याने पुढे कोर्टात दिली: ७०० ढाली, १२० गुलाम, तिजोरीत ३ टॅलेंट चांदी आणि शिवाय सोन्याची नाणी. त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियास हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ.

कारखाना गेल्यावर लिसियासने काय केलं? लेखणी धरली. अथेन्समध्ये फिर्यादी असो की आरोपी, स्वतःचं भाषण स्वतःच करायचा. मग ते लिहून देणारे हवेतच. ओबडधोबड शेतकऱ्याला त्याच्या तोंडी शोभेल असं, फसवल्या गेलेल्या नवऱ्याला त्याला शोभेल असं भाषण लिसियास बेतून द्यायचा. ग्रीक गद्यातली सगळ्यात स्वच्छ भाषा मला त्याची वाटते, आणि ती पक्षकारांसाठी, पैसे घेऊन लिहिलेली आहे.

इसोक्रेटीसचंही तेच. वडिलांचा अउलोस, म्हणजे सनईच्या जातीचं वाद्य, बनवण्याचा कारखाना होता. तो पैसा स्पार्टाशी झालेल्या युद्धात गेला, मग याने कोर्टाची भाषणं लिहिली. पुढे शाळा काढली, फी १००० द्राख्मा, आणि बडा माणूस झाल्यावर म्हणू लागला की मी कोर्टासाठी कधी लिहिलंच नाही. अ‍ॅरिस्टॉटल कुठला सोडतोय! तो म्हणे सांगायचा की पुस्तकविक्रेते इसोक्रेटीसच्या कोर्टातल्या भाषणांचे गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन फिरतात. त्यात म्हातारपणी एकाने दावा लावला की हा माझ्यापेक्षा श्रीमंत आहे, युद्धनौकेचा खर्च याने करावा, नाहीतर आम्ही मालमत्ता अदलाबदल करू. असा कायदाच होता. इसोक्रेटीस हरला, नौकेचे पैसे भरले, आणि वयाच्या ८२ व्या वर्षी लोकांना वाटतो तेवढा मी श्रीमंत नाही हे सांगायला भलंमोठं पुस्तक लिहिलं. इन्कम टॅक्सला असं उत्तर देणारा खातेदार मला भेटला नाही.

नाटककार युरिपिडीस राहिला. ४३१ मध्ये त्याची 'मीडिया' ही शोकांतिका स्पर्धेत तिसरी आली, तिघांत. हयातीत पहिलं बक्षीस चारच वेळा. पण ४१३ मध्ये अथेन्सची सिसिलीवरची मोहीम सिराक्यूजपाशी बुडाली. सेनापती निकियास, तोच हजार गुलामांचा धनी, त्याला तिथेच मारलं. सात हजारांहून अधिक कैदी दगडाच्या खाणींत कोंडले. थ्युसिडिडीसने शिधा लिहून ठेवलाय: आठ महिने माणशी रोज पाव लिटरभर पाणी आणि त्याच मापाने दोन मापं धान्य.

पुढचं चरित्रकार प्लुटार्क सांगतो, पाचशे वर्षांनंतर, तेव्हा तेवढी सूट धरून ऐका. सिसिलीच्या लोकांना युरिपिडीसचं वेड होतं, पण नाटकं मिळायची तुकड्या-तुकड्यांनी, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून. काही कैद्यांना त्याची पदं पाठ होती. मालकांना ती शिकवली म्हणून ते गुलामीतून सुटले. लढाईनंतर रानोमाळ भटकणाऱ्या काहींना त्याची गाणी म्हणून दाखवल्यावर कोणी खायला दिलं, प्यायला दिलं. परत पोचल्यावर ही माणसं युरिपिडीसला जाऊन भेटली आणि सांगितलं, तुमच्या ओळींवर आम्ही जेवलो.